मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला तो ‘मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ’. चिटणीसांनी फोन करून जरा संकोचानेच विचारले, "विषय भूगोलाचा दिसतो. लिहून घेण्यात आमची काही चूक तर झाली नाही ना?" मी म्हणालो, "चूक नाही. निम्मा विषय भूगोलाचा आहे आणि निम्मा आमच्या खात्यातला." तो दुसरा निम्मा भाग कोणता, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

एक खुलासा आधीच करतो. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. थोडेफार गणित आणि भूगोल मला येतो, तो वाचनालयात बसून आणि चुकतमाकत शिकलेला आहे. तेव्हा आपल्यात जे शिक्षक बसले असतील त्यांनी माझी आकडेमोड जरूर तपासावी. चूक निघाली तर माझा फायदाच होईल.

हा विषय मला सुचलेला नाही. तो मला एका कामगाराने दिला. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम करणाऱ्या लोकांत मी युनियनचे काम करतो. दोन वर्षांपूर्वी दुपारची पाळी सुटल्यावर गेटबाहेर आमची सभा चालू होती. पगारवाढ, बोनस, गणवेश असे नेहमीचे विषय झाले. शेवटी बदलापूरला राहणारा एक लोडर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, एक विचारू का? आपण ज्या विमानात बॅगा भरतो, ते साडेनऊ तासांत लंडनला पोचतं. मला घरून इथं यायला दोन तास, परत जायला दोन तास आणि मधे आठ तासांची पाळी. म्हणजे पॅसिंजर लंडनला उतरून, घरी जाऊन जेवतो, तरी मी बदलापूरला पोचलेला नसतो. मग लांब कोण राहतं, लंडनवाला का मी?"

सगळे हसले. मीही हसलो आणि सभा संपवली. पण घरी जाताना माझ्या लक्षात आले की, त्या माणसाने विनोद केला नव्हता. त्याने प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर मला देता आले नव्हते. त्या उत्तराच्या शोधात जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम अंतर पाहू. आपल्या घरी मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत एक दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा गोलावर जी वाट धरतो ती दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. मुंबई ते लंडन ही वाट पृथ्वीच्या पूर्ण घेराच्या ३६० अंशांपैकी सुमारे ६५ अंश भरते. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला, तर एका अंशाला १११ किलोमीटर येतात. ६५ अंशांचे झाले सुमारे ७,२०० किलोमीटर. हे आपले अंतर.

आता गंमत पाहा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती दक्षिण इराण आणि तुर्कस्तान यांच्यावरून जाते. गोलावरचा दोरा मात्र त्याच्या उत्तरेकडून जातो. मुंबईहून निघून तो कराचीच्या आसपास जमिनीवर येतो; बलुचिस्तान, इराण, आर्मेनिया करीत काळ्या समुद्राशी पोचतो; मग युक्रेनवरून मध्य युरोपात शिरून जर्मनी ओलांडतो आणि लंडन गाठतो. नकाशात वाकडी दिसणारी वाट खरी सरळ असते आणि सरळ दिसणारी लांबची असते. हे मला वयाच्या तिशीत कळले, तेव्हा शाळा लवकर सुटल्याचे फार वाईट वाटले.

आता वेळ. मोठे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते. ७,२०० ला ९०० ने भागा. उत्तर बरोबर आठ. मग वेळापत्रकात मुंबईहून लंडनला साडेनऊ तास का लिहिलेले असतात? आणि लंडनहून मुंबईला येताना तेच विमान नऊ तासांच्या आसपास का घेते? जाण्याचे अंतर आणि येण्याचे अंतर तर एकच आहे.

येण्याजाण्यातला फरक वाऱ्याचा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात. इकडे येताना तो वारा पाठीशी असतो, तिकडे जाताना छातीवर. नदीत नाव घातलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

उरलेला वेळ कुठे जातो ते वेळ मोजण्याच्या रीतीत दडलेले आहे. विमान उभे असते तेव्हा ते घरंगळू नये म्हणून चाकांना ठोकळे लावलेले असतात. ठोकळे काढून विमान हलले की प्रवासाची वेळ सुरू होते. दुसऱ्या विमानतळावर विमान उभे राहून ठोकळे लागले की ती संपते. इंग्रजीत याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीकडे रांगेत सरकणे, वर चढणे, लंडनच्या गर्दीच्या आकाशात उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्या घालणे, हे सारे त्यात मोजले जाते. आणि ठोकळा काढतो कोण? जमिनीवरचा कामगार. विमानाचे तास त्याच्या हाताने सुरू होतात आणि दुसऱ्या टोकाला त्याच्याच जातभाईच्या हाताने संपतात. त्याचे स्वतःचे तास मात्र या हिशोबात येत नाहीत.

तिकिटावरची वेळ तर आणखी निराळी. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून पहाटे दोनला निघाले. साडेनऊ तासांनी ते लंडनला उतरते तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात, पण लंडनच्या घड्याळात सकाळचे सहा. तिकिटावर दिसते दोन ते सहा, म्हणजे चारच तासांचा प्रवास! परत येताना लंडनहून सकाळी दहाला निघालेला माणूस नऊ तास प्रवास करून आपल्याकडच्या रात्री साडेबाराला पोचतो. तिकीट पाहाल तर साडेचौदा तास. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून फरक साडेपाचऐवजी साडेचार तासांचा राहतो आणि हिशोब पुन्हा बदलतो. तेव्हा कोणी "इतके तास लागतात" असे म्हटले, तर आपण पहिला प्रश्न विचारावा : कुठून कुठपर्यंत मोजले आणि कोणाच्या घड्याळाने?

मघाचा दोरा मी सोडून दिलेला नाही. तो कराचीजवळून आणि युक्रेनवरून जातो, हे लक्षात असू द्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केले आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांना तेच उत्तर दिले. पृथ्वी तसूभरही हलली नाही. दोऱ्याची लांबी तीच राहिली. विमानांना मात्र वळसे घालावे लागले, जास्त तेल जाळावे लागले आणि प्रवास लांबला. माणसे एकमेकांशी कशी वागतात यावर वेळ ठरतो, याची याहून ढळढळीत साक्ष कोणती?

हे नवीन नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात विलायतेचा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून होई आणि त्याला महिने लागत. ती वाट सुमारे १०,७०० सागरी मैलांची. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि तीच मुंबई त्याच लंडनपासून सुमारे ६,३०० सागरी मैलांवर आली. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात कालवा बंद पडला, तो जून १९७५ पर्यंत उघडला नाही. त्या आठ वर्षांत जहाजांना पुन्हा आजोबांच्या वाटेने जावे लागले.

विमानाचे पाहा. मार्च १९२९ मध्ये लंडन ते कराची अशी ब्रिटिश विमानसेवा सुरू झाली. तिला सात दिवस लागत, आणि त्यातही युरोपातला एक टप्पा चक्क आगगाडीने करावा लागे, कारण इटलीशी आकाशाच्या हक्कावरून जमले नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला विमान उतरवले आणि विलायतेची हवाई टपालवाट मुंबईपर्यंत पोचली. पुढे ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे मुक्काम करीत १० जूनला लंडनला उतरले. त्या कॉन्स्टेलेशन जातीच्या विमानाला ताशी सुमारे ५०० किलोमीटरचा वेग होता आणि मुक्कामांमुळे वाट सुमारे ८,००० किलोमीटरची झाली होती. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली, मग त्याहून मोठी आली, आणि मधले मुक्काम एकेक करून गळाले. महिन्यांचे दिवस झाले आणि दिवसांचे तास.

ही माणसाच्या बुद्धीची मोठी कमाई आहे आणि मी तिला मनापासून नमस्कार करतो. परंतु प्रवास कोणासाठी जवळ आला, हेही विचारले पाहिजे. १९४८ च्या त्या विमानाचे भाडे १,७२० रुपये होते. त्याच सुमारास, १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने, मुंबईच्या गिरणी कामगाराचा किमान मूळ पगार महिना ३० रुपये ठरला होता. महागाई भत्ता वेगळा मिळे, तो सोडून देऊ. मूळ पगाराने मोजले तर लंडनचे अंतर गिरणी कामगारासाठी ५७ महिन्यांचे होते. किलोमीटर आणि तास यांच्याखेरीज अंतर मोजण्याचे हे तिसरे माप आहे; शाळेत ते शिकवीत नाहीत.

त्या विमानाची पुढची हकिगत फार थोड्यांना ठाऊक असते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोहून जिनिव्हाला जात असताना आल्प्स पर्वतातल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानात ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी होते; कोणीही वाचले नाही. ते प्रवासी कोण होते? बहुतेक सगळे भारतीय खलाशी होते. इंग्लंडच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर कामाला रुजू होण्यासाठी ते निघाले होते. पहिल्या उड्डाणात राजेमहाराजे बसले, त्याचे फोटो आपण पाहिलेले असतात. त्याच विमानाच्या शेवटच्या उड्डाणात मजूर होते. विमानाचा वेग कामकऱ्याच्या वाट्याला आला, तो असा कामावर वेळेत हजर होण्यासाठी आला.

आता विमान चालवणाऱ्यांकडे वळू. कॉन्स्टेलेशनच्या काळात पुढच्या खोलीत दोन वैमानिक, दिशा काढणारा एक, बिनतारी संदेशवाला एक आणि यंत्रांवर नजर ठेवणारा एक, अशी माणसे असत. संदेशयंत्रे सुधारली आणि बिनतारीवाला गेला. १९७० च्या सुमारास दिशा काढणारी यंत्रे आली आणि नॅव्हिगेटर गेला. १९८९ मध्ये बोइंग ७४७ ची नवी जात दोन वैमानिकांच्या हिशोबाने सेवेत आली आणि मोठ्या विमानांतून फ्लाइट इंजिनियरचीही खुर्ची उठली. मी यंत्राचा वैरी नाही. यंत्राने विमाने अधिक सुरक्षित झाली, हे आकड्यांनी सिद्ध आहे. पण एक गोष्ट यंत्राने बदललेली नाही : जी दोन माणसे उरली, त्यांची झोप.

सिंगापूर ते न्यूयॉर्क हे आजचे फार लांबचे उड्डाण घ्या. १५,००० किलोमीटरहून जास्त अंतर, अठराएक तास. एवढा वेळ उडणारे विमान माणसाने बनवले. एवढा वेळ जागणारा माणूस काही त्याला बनवता आला नाही. म्हणून त्या विमानात चार वैमानिक नेतात आणि त्यांच्या झोपण्यासाठी आत बिछाने केलेले असतात. तिथे वेळेची हद्द यंत्राने नव्हे, शरीराने घातली.

शरीराचे घड्याळ सूर्यावर चालते आणि ते सहजी फिरत नाही. मुंबईत याचा एक जुना दाखला आहे. मुंबई आणि लंडन यांच्या रेखांशांत सुमारे ७३ अंशांचा फरक आहे. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात. म्हणून मुंबईची खरी सूर्यवेळ लंडनच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. हीच जुनी ‘बॉम्बे टाइम’. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी ५ तास ३० मिनिटांची प्रमाणवेळ लावली. घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले. म्हणजे नव्या घड्याळात सहाचा भोंगा झाला, तेव्हा सूर्याच्या हिशोबाने पाच वाजून एकवीसच मिनिटे झालेली असत. त्याच जानेवारीत कापडगिरण्यांतल्या हजारो कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले, दगडफेकही झाली. त्या अडाणी लोकांना घड्याळ कळत नव्हते, असे तेव्हा काही शहाण्यांना वाटले असेल. मला तर वाटते, त्यांना ते फार चांगले कळत होते. आपली ३९ मिनिटांची झोप कोणीतरी न विचारता उचलून नेली, एवढे त्यांना समजले होते. पुढे मुंबईच्या नगरपालिकेनेही जुनी वेळ बरीच वर्षे सोडली नाही. १९५५ पर्यंत ती शहरात या ना त्या रूपाने टिकून होती.

३९ मिनिटांसाठी एवढे रामायण का, असे कोणाला वाटेल. त्यांच्यासाठी एक दुःखाची गोष्ट सांगतो. मार्ग लंडनचा नाही, पण रात्र तीच आहे. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून मंगळूरला आलेले विमान धावपट्टीवर थांबू शकले नाही आणि पलीकडच्या दरीत कोसळले. विमानात १६६ माणसे होती, १५८ मेली. आखातात कामाला असलेली आणि घरी परतणारी मंडळी त्यांत पुष्कळ होती. चौकशीत कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद ऐकली गेली. दोन तास पाच मिनिटांच्या नोंदीतला पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपलेला होता. उतरण्याचे चुकलेले गणित सोडून पुन्हा वर जायला हवे होते, ते त्याने केले नाही. गाढ झोपेतून उठलेल्या मेंदूची गुंगी हे त्यामागचे एक कारण असू शकेल, असे अहवालाने नोंदवले. आणि त्याच अहवालात असेही आहे की, उड्डाणापूर्वी विश्रांतीला पुरेसा काळ उपलब्ध होता.

हे दुसरे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. कागदावर विश्रांती पुरी होती. रात्री दोन ते सहा या वेळात शरीर सर्वांत मंदावते, हे शास्त्र सांगते. तासांची बेरीज बरोबर आली तरी ते तास रात्रीचे आहेत की दिवसाचे, हे शरीर विचारतेच. आम्ही युनियनवाले ‘आठ तास काम’ ही मागणी शंभराहून अधिक वर्षे करीत आलो. आठ म्हटले की आमचे समाधान होत असे. कोणते आठ, हे विचारायला आम्ही उशीर केला.

वैमानिकांनी ते विचारले. विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्री उतरवायच्या विमानांवर कडक मर्यादा घातली. कंपन्यांना ते जड वाटले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत लढल्या, आणि १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. त्यानंतर महिनाभरात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिक पुरेसे नव्हते. प्रवासी विमानतळावर जमिनीवर झोपले. शेवटी सरकारने त्या कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून तात्पुरती सवलत दिली. पुष्कळ लोक तेव्हा नियमांवर चिडले. माझे म्हणणे एवढेच की, इतके दिवस वेळापत्रक ज्याच्या जोरावर सुरळीत चालले होते, ती कोणाची तरी झोप होती. ती परत द्यायची वेळ आली तेव्हा हिशोब जुळेना.

आणि आता मला माझ्या स्वतःच्या हिशोबाकडे यावे लागते.

वैमानिकांच्या या नियमांतले एकही कलम जमिनीवरच्या लोडरला लागू नाही. त्याची झोप राखण्याचे काम युनियनचे, म्हणजे माझे. काही वर्षांपूर्वी ज्या ठेकेदार कंपनीशी आमचा करार झाला, तिने पगारवाढ मान्य केली, पण एक अट घातली : पहाटेची पाळी सहाऐवजी चारला सुरू व्हावी. युरोपकडची विमाने रात्री-पहाटे सुटतात, तेव्हा माणसे हवीत, असे कारण होते. तास आठच राहणार होते. आम्ही आकडा पाहिला, वाढ चांगली होती. मी सही केली. लोकांनी मला हार घातला.

पहाटे चारला हजर व्हायचे तर बदलापूरच्या माणसाला सकाळची पहिली गाडी उपयोगाची नाही. त्याला आदल्या रात्रीची शेवटची गाडी धरावी लागते. तो मध्यरात्रीनंतर विमानतळावर पोचतो, सामानाच्या शेडमागे पुठ्ठा अंथरून पडतो, साडेतीनला उठतो. हे मला करारानंतर दीड वर्षाने कळले, आणि तेही त्या प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या घरी गेलो तेव्हा, त्याच्या बायकोकडून. ती म्हणाली, "भाऊ, पगार वाढला हे खरं. पण पहाटेच्या आठवड्यात पोरांना बाप दिसत नाही." तिने तक्रार केली नाही. चहा दिला. मी तो चहा कसा प्यायलो ते मलाच ठाऊक.

त्या रात्री मी वहीत हिशोब मांडला. साधी पाळी असली तरी रोजचे जाण्यायेण्याचे चार तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०४ तास. लंडनच्या साडेनऊ तासांनी भागले तर उत्तर येते जवळजवळ अकरा. म्हणजे हा माणूस दर महिन्याला मुंबई ते लंडन अकरा वेळा जाईल इतका वेळ लोकलच्या दारात उभा असतो. अंतर पाहाल तर पन्नास-साठ किलोमीटरचे. विमानाला लंडन गाठताना ताशी साडेसातशे किलोमीटरची सरासरी पडते, याला घर गाठताना ताशी तीस. त्याने विचारले होते, लांब कोण राहतो? उत्तर वहीत समोर होते.

मी त्याच्याकडे गेलो आणि सांगितले, "लांब तुम्ही राहता." तो म्हणाला, "ते मला माहीत होतं, भाऊ. तुम्हाला माहीत आहे का, ते बघत होतो."

करार संपल्यावर नव्या मागणीपत्रात आम्ही पहिली मागणी पगाराची ठेवली नाही. पाळी सुरू होण्याची वेळ माणसाला गाडीने येता येईल अशी असावी. आणि ते जमत नसेल तर कंपनीने गाडी पाठवावी, निदान झोपायला खाटा आणि पंख्याची खोली द्यावी, ही पहिली मागणी ठेवली. काही सभासद माझ्यावर रागावले. बोलणी अजून चालू आहेत. खोली मिळाली आहे. वेळ अजून मिळालेली नाही. जे झाले नाही ते झाले असे सांगून टाळ्या घेण्याचे माझे वय राहिले नाही.

मंडळी, मी गोलावरच्या दोऱ्यापासून सुरुवात केली होती. तो दोरा ७,२०० किलोमीटरचा आहे आणि राहील. त्यावर कोणाची सत्ता नाही. पण त्या दोऱ्यावरून जायला किती वेळ लागतो, हे दर पिढीत माणसांनी ठरवले आहे. कालवा खणणाऱ्यांनी ठरवले, तो बंद करणाऱ्यांनी ठरवले. यंत्रे बनवणाऱ्यांनी ठरवले, आकाशाला कुलूप लावणाऱ्यांनीही ठरवले. ज्या वेळेला माणसाने हात लावलेला आहे, तिच्याबद्दल माणसाला जाब विचारता येतो. बदलापूरची वेळही त्यातच येते.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी असतील. आपण त्यांना आणायला, पोचवायला विमानतळावर जाता. पुढच्या वेळी काचेतून विमान दिसले, तर त्याच्या चाकाशी वाकलेला माणूसही पाहा. त्याने ठोकळा काढला की आपल्या मुलाचे तास सुरू होतात. त्याचे तास कधी सुरू झाले, एवढे मनात विचारा. हा प्रश्न पुष्कळ लोक विचारू लागले, तर माझ्यासारख्याचे काम सोपे होईल. आणि पुढच्या करारावर सही करताना माझा हात थोडा थांबेल.